घंटा थांबवणारी

घंटा मी वाजवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला शहाणपण शिकवायला नको. डोंगरावरच्या देवाच्या दारात दम खात पोचायचं, चप्पल काढायची आणि घंटेला हात घालायचा, हे मला जोतिबाच्या डोंगरावर चौथ्या-पाचव्या वर्षी शिकवलं गेलं. तीन ठोके. एक देवाला, एक घरच्यांना आणि एक आपल्याला. माझी आई असंच मोजायची, मीही तसंच मोजते. परदेशात गेलं म्हणून हात काय वेगळा होतो का?

पण त्या तीन ठोक्यांनी माझा नवरा मरणाच्या दारात गेला होता. आणि त्यामागं माझी दुसरी एक चूक होती, सव्वीस वर्षांची.

आम्ही शिवाजी पेठेतले. आमचे हे, अमरसिंह, तरुणपणी तालमीच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर. पेठेत अजूनही साठी उलटलेली माणसं ह्यांना 'भिंत' म्हणून हाक मारतात. सव्वीस वर्षांपूर्वी एका फायनलला समोरच्यानं हाताच्या अंतरावरनं मारलेला बॉल ह्यांच्या डाव्या कानावर बसला. गोल वाचला, कान गेला. डॉक्टरांनी सांगितलं, नसच मेली आहे, आता ह्या कानाला कधी ऐकू येणार नाही.

दवाखान्यातनं घरी आल्यावर ह्यांनी मला देवघरासमोर उभं केलं. म्हणाले, "जोतिबाची आण हाय तुला. ह्ये कुणाला सांगायचं न्हाय. तालमीत कळालं तर उद्यापास्नं दुसरा कीपर उभा करत्यात."

मी आण घेतली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मलाही वाटलं. पुढं चार वर्षं हे एका कानावर खेळले, मग खेळ सुटला, पण आण काही सुटली नाही. कुणी डावीकडनं बोललं की हे नुसती मान हलवायचे. लोक म्हणायचे, अमरदाला लई गर्व. मी उजव्या बाजूला चालायची, उजव्या बाजूला बसायची, लग्नाच्या पंगतीत लोकांना ढकलून ह्यांच्या डावीकडं भिंत येईल अशी जागा धरायची. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिलाही सांगितलं नाही.

ती मुलगी म्हणजे क्रांती. शिकली, आणि सहा वर्षांपूर्वी स्पेनमध्ये औषधाच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला गेली. गेल्या ऑक्टोबरात तिनं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. तिथं सांतियागो नावाच्या देवस्थानाला शेकडो मैल चालत जायची वाट आहे. हजार वर्षं लोक ती चालतायत. म्हणाली, "सगळी न्हाय, एकच दिवसाचं चालू. वाटेत डोंगरावर एक एर्मिता हाय, ती बघू." एर्मिता म्हणजे एखाद्या बैराग्याची मठी असते ना, तसलं. दगडी खोली, आत देव, वर घंटा. आठशे वर्षांपूर्वी तिथं एक साधू राहायचा आणि धुकं पडलं की वाट चुकलेल्या यात्रेकरूंसाठी रात्रंदिवस घंटा वाजवायचा.

बापलेकीचं तसं जेमतेमच होतं. भांडण नव्हतं, पण फोनवर "जेवलीस का", "जेवलो" यापुढं गाडी जायची नाही. ही म्हणायची, पप्पा माझं ऐकतच न्हाईत. मला त्याचं कारण माहीत होतं आणि मी भाजी चिरत बसायची.

डोंगराच्या पायथ्याला एक पाटी होती. क्रांतीनं ती मोठ्यानं वाचून मराठीत सांगितली. धुकं आलं तर आहात तिथंच बसा. घंटा ऐकू आली की आवाजाच्या रोखानं चाला. डोंगराच्या उत्तरेला कडा आहे, तिकडं जाऊ नका. हे तिच्या डावीकडं उभे होते, म्हणजे त्यांचा उजवा कान तिच्याकडं होता. नीट ऐकलं त्यांनी. म्हणाले, "आपल्या पन्हाळ्याला असली पाटी पायजे." सगळे हसलो.

चढ फार नव्हता. आधी झाडी, मग उघडं गवताळ अंग. मठी वर दिसायला लागली, तेव्हा ह्यांचा गुडघा बोलायला लागला. वाटेच्या कडेला एका सपाट दगडावर बसले. पाठीवरची पिशवी क्रांतीनं आधीच घेतली होती. त्यातच ह्यांचा स्वेटर आणि मोबाईल.

"तुमी व्हा म्होरं. पाच मिन्टं बसतो आन येतो," म्हणाले.

"एकटं बसू नका," मी म्हटलं.

"आगं वाट समोर दिसायलीय की! मी काय ल्हान पोरगं हाय?"

आम्ही दोघी गेलो. दहा मिनिटांत वर पोचलो. दाराशी ओसरीसारखी जागा, आणि छपरावरच्या घंटेचा दोर थेट हाताशी आलेला. मी बूट काढले, दोर धरला. एक. दोन. तीन. काय गोड आवाज होता, सांगू नये. सगळा डोंगर भरला.

आतनं एक म्हातारी पळत आली. ती तिथली किल्ली सांभाळणारी, मारीसोल तिचं नाव. येताच तिनं माझा हात धरला आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. मला स्पॅनिशचा एक शब्द कळत नाही, पण शिव्या कुठल्याही भाषेत कळतात. मी क्रांतीकडं बघितलं. क्रांती माझ्याकडं बघत नव्हती. ती खाली बघत होती.

खाली काही नव्हतं. आम्ही चढून आलो ती वाट, गवत, ती झाडी, सगळं गेलं होतं. धुकं दरीतनं वर येत होतं, तेही चालत नव्हे, पळत. बघता बघता दोन पावलांवरचा कट्टा दिसेना.

"मम्मी, ती म्हणतीय, ही घंटा नुसती वाजवत न्हाईत," क्रांती म्हणाली. "धुक्यात वाट दाखवायला वाजवत्यात. आधी बाई भायेर येऊन बगती, मग वाजवती. तू वाजवलीस, आता पप्पा उठले असतील."

"मग काय झालं? येतील की आवाजावर."

हे मी म्हटलं, आणि मग ह्यांचा डावा कान आठवला. तोंड बोलून गेलं होतं आणि मन मागनं पोचलं होतं.

मारीसोलनं दोर हातात घेतला आणि वाजवायला लागली. ठाण्, ठाण्, ठाण्. तिचा नियम क्रांतीनं मला सांगितला. एकदा घंटा सुरू केली की शेवटचा माणूस आत येईपर्यंत थांबवायची नाही. कारण ऐकून निघालेला माणूस आवाज थांबला तर मध्येच अडकतो. आठशे वर्षं हाच नियम.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. दहा मिनिटांची तर वाट होती. मी दारात उभी राहून त्या पांढऱ्या भिंतीकडं बघत होते आणि मला आमचं घर दिसत होतं. मोबाईल वाजला की हे अख्खं घर शोधतात. मोबाईल टेबलावर आणि हे न्हाणीघरात शोधतायत. महाद्वार रोडवर कुणी "अमरदा!" म्हणून हाक मारली की हे हमखास उलट्या बाजूला वळतात, हात वर करतात, आणि समोर केळीवाला असतो. एकदा मला म्हणाले होते, "संयोगिता, ऐकू येतंय गं सगळं. पण कुठनं येतंय, त्ये कळत न्हाय. दोन कान असल्याबिगर आवाजाला घर नसतंय."

पंधरा मिनिटं. घंटा चालूच. प्रत्येक ठोका ह्यांना उठवत होता आणि कुठंतरी ढकलत होता. कुठं, हे देवालाही माहीत नव्हतं. खाली झाडीत, की वाटेवर, की पाटीवरच्या त्या कड्याकडं.

तेवढ्यात मठीच्या मागच्या बाजूनं दगड घसरल्याचा आवाज आला. एक दगड, मग बारीक खडे, मग काही नाही. खाली आपटल्याचासुद्धा आवाज आला नाही.

"मागं काय हाय?" मी विचारलं.

"उत्तरेचा कडा," क्रांती म्हणाली. पाटी तिनंच वाचली होती.

"थांबव!" मी ओरडले. "क्रांती, तिला थांबवायला सांग! घंटा बंद कर म्हणावं!"

"मम्मी, येडी झालीस काय? त्या आवाजावर तर पप्पा येणार!"

"येणार न्हाईत! त्यांस्नी एका कानानं ऐकू येत न्हाय!"

बाहेर पडलं. सव्वीस वर्षं दाताखाली धरलेलं असं भसकन बाहेर पडलं. जोतिबाचा कोप होणार असेल तर आत्ता, ह्याच क्षणी होणार, असं मला वाटलं; मी खरंच मान खाली घालून उभी राहिले. मग भराभरा सांगितलं. डावा कान. फायनल. आण. आवाज कुठनं येतो ते कळत नाही, घंटा जितकी वाजेल तितके ते भरकटतील, थांबली तर बसतील.

क्रांतीचा चेहरा बघवत नव्हता. पण पोरगी माझी आहे. वळली आणि मारीसोलशी स्पॅनिशमध्ये बोलायला लागली. म्हातारी मान हलवत होती आणि वाजवतच होती. नाही म्हणजे नाही. तिच्याही डोळ्यांत भीती होती, ते मला दिसलं. थांबवल्यावर माणूस मेला, तर ते तिच्या माथी.

मग मी शिवाजी पेठेची झाले. पुढं गेले, तिच्या हातांच्या वर दोर पकडला, मनगटाला दोन वेढे घेतले आणि मटकन खाली बसले. माझं वजन काय कमी आहे? म्हातारीनं दोनदा हिसडा दिला. दोर माझ्या मनगटात रुतला, कातडं सोललं. मी हलले नाही. वर घंटा अर्धवट कण्हली आणि गप्प झाली.

ती शांतता मला आजही झोपेत ऐकू येते. आवाज होता तोवर निदान काहीतरी चाललं होतं. आता ना वारा, ना पाखरू. मी केलं ते बरोबर केलं की वाईट, हे सांगायला कुणी नव्हतं. हे बरोबर वाटेनं चार पावलांवर आले असतील आणि मीच दिवा विझवला असेल तर? मग तो दगड? त्या दगडाबरोबर कोण गेलं?

क्रांती माझ्याजवळनं कट्ट्याकडं धावायला निघाली. "पप्पा!" म्हणून हाक मारायला तिनं तोंड उघडलं, तसा मी मोकळ्या हातानं तिच्या जॅकेटला धरून तिला खाली ओढलं आणि तोंडावर हात दाबला.

"हाक मारू नगोस. तुझ्या हाकंवर उठत्याल."

ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली. मारीसोल आत देवापाशी गेली. आत मेरीची काळसर लहान मूर्ती होती, आपल्या अंबाबाईसारखी. म्हातारी तिच्यापुढं काहीतरी पुटपुटत होती. मी इकडं जोतिबाला म्हणत होते, कोप करायचा तर माझ्यावर कर, मी बोलले, ते बोलले नाहीत.

गारठा वाढत होता. पिशवीतला स्वेटर क्रांतीनं बाहेर काढून मांडीवर घेतला होता.

"मुंबईला जाताना," ती हळूच म्हणाली.

मला माहीत होतं ती काय म्हणणार. सहा वर्षं मी त्याचीच वाट बघत होते. ती पहिल्यांदा स्पेनला निघाली तेव्हा हे तिला विमानतळावर सोडायला निघाले होते. हे गाडी चालवत होते, ती शेजारी, म्हणजे ह्यांच्या डावीकडं. मी मागं. एसी बिघडलेला, काचा खाली, हायवेवर ट्रकांचा गोंगाट.

"साताऱ्याच्या पुढं मी त्यांस्नी इचारलं," क्रांती म्हणाली. "म्हटलं, पप्पा, मला लई भ्या वाटायलंय. मी जाऊ नगो काय? त्यांनी वळून बी बगितलं न्हाय. मी दोनदा इचारलं, मम्मी. दोनदा. मग मी खिडकीतनं भायेर बगत बसले. म्हटलं, ह्यांस्नी माझं काय पडलेलं न्हाय, जावं आपलं."

"ऐकू आलं न्हाय त्यांस्नी."

"तुला आलं?"

मला दोन्ही वेळा ऐकू आलं होतं. मी मागच्या सीटवर पदराशी चाळा करत बसले होते. ह्यांच्या खांद्यावर थाप मारून 'अहो, पोरगी काय म्हणतीय बघा' एवढं म्हटलं असतं तर आण मोडली नसती. पण मग ही म्हणाली असती, पप्पांना ऐकू नाही आलं का? आणि एकातनं दुसरं निघालं असतं. मी झाकली मूठ सांभाळली.

"आलं," मी म्हणाले.

ती माझ्यापासनं हातभर लांब सरकली. तेवढी थंडी मला डोंगरानंही दिली नव्हती.

किती वेळ गेला, मला सांगता येत नाही. क्रांती म्हणते चाळीस मिनिटं. एकदा लांबनं खोकल्यासारखं ऐकू आलं; दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि परत काही आलं नाही. मनगट ठणकत होतं, पण दोर मी सोडला नाही. मी सोडला आणि म्हातारीनं परत ओढला तर?

मग दारातला कट्टा दिसला. कट्ट्यापलीकडचं गवत दिसलं. धुकं जसं आलं तसंच, कुणी चादर ओढावी तसं निघालं. आधी मारीसोल बाहेर पळाली, मठीला वळसा घालून मागं. तिची किंकाळी ऐकू आली आणि मी मनगटावरचे वेढे सोडले. क्रांती मला धरून घेऊन गेली की मी तिला, ते आठवत नाही.

मागं गवत उताराला लागलं होतं आणि एका ठिकाणी संपलं होतं. पुढं नुसतं आभाळ. जिथं संपलं होतं, त्याच्या चार पावलं अलीकडं एका खुरट्या झुडपाला डाव्या हाताची मिठी मारून आमचे हे बसले होते. पाय पसरलेले, टोपी नाही, पँट गुडघ्यावर फाटलेली. गोल खाल्ल्यावर कीपर बसतो तसे.

मारीसोलनं आम्हाला हातानंच थांबवलं, स्वतः बसत बसत खाली गेली आणि ह्यांचा हात धरला. मग आम्ही तिघींनी मिळून त्यांना वर ओढलं. वर आल्यावर मी आधी त्यांच्या दंडावर दोन चापट्या मारल्या आणि मग रडले. असं रडले, की म्हातारीच मला पाणी द्यायला लागली.

"उठलासाच कशाला दगडावरनं?" मी विचारलं. "कळत हुतं न्हवं, कुठनं आवाज येतोय त्ये कळायचं न्हाय म्हणून?"

"पयलं तीन ठोकं ऐकलं की," हे म्हणाले. ओठ निळे पडले होते. "म्हटलं ही संयोगिता. तू बोलवायलीस म्हटल्यावर बसून कसा ऱ्हाऊ? मग लई वाजाय लागली. चारी बाजूनं वाजाय लागली. चालत ऱ्हायलो. पायाखालनं धोंडा गेला, त्ये झुडूप धरलं. परत पाऊल उचलायलो तवर घंटा थांबली. तसा मी बी बसलो."

"का बसलासा?"

"वाजवणारी कोण बी असंल. पर मधीच थांबवणारी तूच असणार की. दुसऱ्या कुणाला म्हायतीच न्हाय."

क्रांती स्वेटर घेऊन ह्यांच्या डावीकडं उभी होती. तिनं ह्यांच्याकडं बघितलं. मग मागनं वळसा घालून उजव्या बाजूला आली, खाली बसली आणि ह्यांच्या अंगात स्वेटर घालायला लागली. हे तिच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"आण मोडलीस?"

"मोडली. जोतिबाला मी बगते. तुमी गप ऱ्हावा."

स्वेटरच्या बाहीतनं ह्यांचा हात बाहेर आला. क्रांतीनं तो हात धरून ठेवला आणि ह्यांच्या उजव्या कानापाशी तोंड नेलं.

"पप्पा, मुंबईला जाताना मी तुमास्नी एक इचारलंतं."

"कवा? काय?"

"मला लई भ्या वाटायलंय, मी जाऊ नगो काय, असं."

हे समोरच्या आभाळाकडं बघत राहिले. मला वाटलं, परत ऐकू आलं नाही की काय.

"नगो जाऊ म्हटलं असतं," हे म्हणाले. "गाडी तितनंच वळवली असती."

क्रांतीनं डोकं ह्यांच्या खांद्यावर टेकलं. मारीसोल घंटेचा दोर नीट गुंडाळून खुंटीला लावायला पुढं ओसरीत गेली. मी मात्र तिथंच उभी राहिले, मनगटावरचा लाल वळ चोळत, त्या दोघांपासनं हातभर लांब. जवळ जायची मला भीती वाटत होती.